कापसातला कचरा आणि माणसाची छाती

(कापूस-ज्वारी उत्पादकांच्या जिल्हा मेळाव्यात समारोपाच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, विजेवर झाले, पीकविम्यावर झाले. आम्हाला बोलायला उभे करताना कार्यकर्त्यांनी विचारले, विषय काय सांगू? आम्ही म्हणालो, भिवंडी. पुढच्या रांगेतले एक बुजुर्ग शेतकरी हसले. म्हणाले, "भिवंडीत कुठं कापूस पिकतो?" खरे आहे. भिवंडीत कापूस पिकत नाही. पण आपण वेचून, झोडून, गाडीत भरून जो माल बाजारात नेतो, त्याचे सूत होते आणि ते सूत जिथे जिथे विणले जाते त्यातले एक मोठे गाव म्हणजे भिवंडी. कापूस आपल्या हातातून गेला की आपण पाठ फिरवतो. पुढे त्याचे काय होते ते बघायला आम्ही गेलो होतो. खरे सांगायचे तर त्यासाठीही गेलो नव्हतो. गेलो होतो एका पोरासाठी.

भिवंडीला कशासाठी?

आपल्याच तालुक्यातला सहा एकर कोरडवाहूचा एक शेतकरी. दोन मुले. थोरला नऊ वर्षांपूर्वी भिवंडीला गेला. आधी गोदामात माल उतरवायला लागला, मग एका ओळखीने यंत्रमागावर. धाकटा घरी. बापाने आम्हाला सांगितले, "साहेब, तिकडं जाताच आहात तर पोराकडं बघून या. फोनवर बोलतो तर सारखं 'काय? काय?' करतो. मोठ्यानं बोललं तर चिडतो. बायको सांगते, टीव्ही एवढा मोठा लावतो की शेजारी भांडायला येतात. वय किती? बत्तीस."

भिवंडीचा इतिहास थोडक्यात सांगतो. ते जुने विणकरांचे गाव. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्यांतले विणकाम यंत्रमागांकडे आधीपासूनच सरकत होते, संपानंतर त्याला जोर आला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथले माग वाढत गेले. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण इथून माणसे आली. आपल्याकडूनही गेली. आज तिथे पॉलिएस्टरचा धागाही पुष्कळ विणला जातो, पण मागाचा आवाज धागा बघून बदलत नाही.

आम्ही त्या पोराच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे पत्र्याचे छप्पर, आत दाटीवाटीने लावलेले माग, दोन मागांच्या मधून माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट. एकेका माणसाकडे सहा माग. पाळी बारा तासांची. मजुरी मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबली. तो पोरगा आम्हाला बघून हसला, काहीतरी बोलला. आम्हाला ओठ हललेले दिसले. ऐकू काही आले नाही. तिथली माणसे एकमेकांशी खुणांनीच बोलतात. सूत तुटले, कांडी संपली, चहा आला, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या आहेत.

आवाज मोजायचा कसा

आमच्याबरोबर एका महाविद्यालयातून मागून आणलेले ध्वनिमापक यंत्र होते. हातात मावणारे, टॉर्चएवढे. त्यावरचा आकडा आम्ही उभे होतो तोवर पंच्याण्णवच्या खाली आला नाही. बहुतेक वेळ तो शंभराच्या अलीकडे-पलीकडे होता.

आता हा शंभर म्हणजे काय? आपण क्विंटल जाणतो, मिलिमीटर पाऊस जाणतो. आवाजाचे माप डेसिबल. त्याची गंमत अशी की ते एकरासारखे सरळ वाढत नाही. एक माग चालू आहे, शेजारी अगदी तसाच दुसरा चालू केला, तर आकडा दुप्पट होत नाही, फक्त तीनने वाढतो. म्हणजे तीन डेसिबल वाढले की आवाजाचा जोर दुप्पट आणि दहा वाढले की दहापट. म्हणून नव्वद आणि शंभर हे आकडे जवळचे दिसले तरी त्यांत दहापटीचे अंतर आहे.

आपल्याकडे कारखान्यांसाठी नियम असा की नव्वद डेसिबलला माणसाने दिवसात आठ तास थांबावे. पंच्याण्णव असेल तर चार तास. शंभर असेल तर दोन तास. एकशे पाच असेल तर एकच तास. आता हिशेब करा. शंभर डेसिबलला दोन तासांची परवानगी आणि पोरगा उभा राहतो बारा तास. परवानगीच्या सहापट. रोज. नऊ वर्षे.

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यात केसासारख्या बारीक पेशी असतात. त्या जळाल्या की पुन्हा उगवत नाहीत. कापसाला तुडतुड्याने खाल्ले तर खत देऊन झाड सावरते, इथे तसे नाही. आणि जातात त्या आधी उंच स्वराच्या. म्हणजे माणसाला कोणीतरी बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही. घरच्यांना वाटते, हा मुद्दाम ऐकत नाही. त्याला वाटते, लोक पुटपुटतात. बापाने सांगितलेली लक्षणे तंतोतंत हीच होती.

आणि मोजायला दरवेळी यंत्रच लागते असेही नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर ती जागा कानाला धोक्याची आहे. पाळी संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर त्या दिवशी नुकसान झाले आहे. एवढे माप कुणालाही जमते. तिथे त्या पोराला हे कुणी सांगितले नव्हते. "सवय होते" एवढेच सांगितले होते. भावांनो, सवय होत नाही. कान जातो, त्याला लोक सवय म्हणतात.

सुट्टीनंतरचा दिवस

दुसरी गोष्ट धुळीची. मागावर कापसाची धूळ त्यामानाने कमी असते. सर्वांत जास्त असते ती आधीच्या टप्प्यांत. गाठ फोडण्याच्या, पिंजण्याच्या खात्यात आणि त्याच्याही आधी आपल्या गावाजवळच्या जिनिंगमध्ये. हिवाळ्यात आपल्याच गावच्या बाया तिथे जातात, म्हणून हे नीट ऐका.

कापसाच्या धुळीने छातीचा एक रोग होतो. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण विचित्र आहे. आठवड्याची सुट्टी घेऊन माणूस कामावर आला की त्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो, खोकला येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी होतो. पुन्हा सुट्टी झाली की पुन्हा तेच. इंग्रज कामगारांची सुट्टी रविवारी, म्हणून तिकडे त्याला सोमवारचा ताप असे नाव पडले. १९५० च्या सुमारास इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये डॉक्टर शिलिंग यांनी गिरण्यांतल्या कामगारांना नेमका हाच प्रश्न विचारला, की त्रास कोणत्या वारी होतो? आणि उत्तरावरून रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. पहिल्या दिवशी क्वचित त्रास, ही सुरुवात. दर पहिल्या दिवशी त्रास, ही पुढची पायरी. पहिल्या आणि इतरही दिवशी, ही त्याच्या पुढची. आणि कायमचा दम, ही शेवटची. सुरुवातीच्या पायरीवर काम बदलले तर माणूस वाचतो. शेवटच्या पायरीवर औषधाने छाती परत मिळत नाही.

त्याच्याही अडीचशे वर्षे आधी, १७०० साली, रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्याचे सांगणे साधे होते. रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतात त्यांत एक वाढवा: तुझा धंदा काय? आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात खोकणारी बाई गेली तर तिला औषध मिळते, क्षयाची तपासणीही होते. पण "तू जिनिंगवर जातेस का, आणि त्रास सुट्टीनंतरच्या दिवशी वाढतो का", हे किती जण विचारतात? विचारले तर फुकटात मोजणी होते.

धूळ यंत्रानेही मोजतात. कामगाराच्या कमरेला एक छोटा पंप बांधतात, नळी गळ्याशी आणतात, तोंडाशी एक गाळणीचा कागद. पंप मिनिटाला दोन लिटर हवा ओढतो. आठ तासांत ९६० लिटर, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर हवा. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. जे वजन वाढले ती त्या माणसाच्या नाकासमोरची धूळ. कापसाच्या बारीक धुळीसाठी थोडे वेगळे यंत्र वापरतात, पण तत्त्व हेच, तराजूचे. अमेरिकेने १९७८ मध्ये मर्यादा घातली. कताईच्या खात्यात घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम, विणाईत ०.७५. गिरणीमालक कोर्टात गेले. म्हणाले, एवढा खर्च केला तर धंदा बसेल. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कामगारांची बाजू धरली. गिरण्यांनी धूळ ओढणारी नवी यंत्रे बसवली. रोग झपाट्याने कमी झाला आणि त्याच यंत्रांनी उत्पादनही वाढवले. पण एक ध्यानात ठेवा. त्या मर्यादेतून जिनिंग वगळले होते. शेतीच्या जवळचे काम म्हटले की मोजमाप थांबते, ही रीत आपल्याच देशाची नाही.

काटा कुणाच्या हातात?

ही धूळ येते कुठून? यात आपला संबंध आहे. बोंडाला कवटाळून तीन पाने असतात. ती वाळतात, कुरकुरीत होतात, वेचताना चुरा होऊन कापसाला चिकटतात. त्यावर जिवाणू वाढलेले असतात आणि त्या जिवाणूंचे विष धुळीबरोबर छातीत जाते. नुसत्या स्वच्छ तंतूपेक्षा हा चुराच जास्त घातक.

या चुऱ्याला बाजारात काय म्हणतात? कचरा. आणि कचरा मोजला जात नाही असे तुम्ही म्हणूच शकणार नाही! तुमची गाडी काट्यावर गेली की व्यापारी मूठ भरतो, पत्ती बघतो, कवडी बघतो, ओलावा बघतो आणि भाव पाडतो. मुंबईला माटुंग्यात १९२४ पासून कापसाचे गुण मोजणारी प्रयोगशाळा आहे. तंतूची लांबी, ताकद, बारीकी, कचरा, सगळे यंत्रावर निघते. २००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान काढले, बाजाराची आवारे आणि जिनिंग सुधारायला, गाठीतला कचरा कमी करायला. चांगले झाले. पण बघा, शंभर वर्षे गाठीतला कचरा मोजला. तोच कचरा माणसाच्या छातीत किती गेला, हे मोजायला किती जिनिंगांत, किती तालुक्यांत यंत्र आहे? छाती मोजणारे यंत्र अवघड नसते. एका नळीत जोरात फुंकायचे, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते कळते. पाळीच्या आधी एकदा, नंतर एकदा. एवढेच.

जे मोजल्याने कुणाला भाव पाडता येतो, ते मोजले जाते. जे मोजल्याने कुणाला खर्च करावा लागतो, ते मोजले जात नाही.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा माणसे असली की तो कारखाना. त्या खाली असले की नव्हे. म्हणून मोठी शेड एक, पण कागदावर तिचे चार मालक, असे प्रकार चालतात. नवी संहिता २०२० मध्ये मंजूर झाली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात दहाचे वीस झाले. आवाजाने येणारा बहिरेपणा आणि कापसाच्या धुळीचा रोग हे दोन्ही डॉक्टरांनी सरकारला कळवायचे रोग म्हणून कायद्यात बसलेले आहेत. पण आधी मोजायला हवे, मग कळवायला.

आणि शेत? शेत तर कारखानाच नव्हे.

२०१७ चे यवतमाळ

२०१७ चा पावसाळा इथे कुणी विसरलेला नाही. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. दाट लागवड, दमट उकाडा, वारा पडलेला. दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. जास्त दाबाचे बॅटरीचे पंप. तुषार झाडावर पडण्याआधी माणसाच्या तोंडावर, छातीवर पडत होते. सरकारने विशेष तपास पथक नेमले. आणि चर्चेचा सूर काय होता? शेतकऱ्याने मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत.

इथे आम्ही आमच्याविषयी बोलतो. आम्ही शेतकीचे पदवीधर. किती वर्षे गावोगाव सांगत फिरलो, अमुक औषध, दहा लिटरला इतके मिली, एकरी इतके पंप. झाडावर किती पडावे हे आम्हाला शिकवले होते. फवारणाऱ्याच्या अंगावर किती पडते, हे आम्हाला कुणी शिकवले नाही आणि आम्ही कुणाला विचारले नाही. एका वर्षी आमच्याच प्रात्यक्षिकाच्या शेतात फवारणीचा मजूर दुपारी बांधावर बसला, घामाघूम, तोंडाला लाळ, बुबुळे टाचणीच्या टोकाएवढी. त्याला दवाखान्यात नेले. तो वाचला. तिथे रक्ताची जी तपासणी हवी होती तिची सोय नव्हती. आम्ही घरी आलो आणि अहवालात लिहिले, किडीचे नियंत्रण समाधानकारक. त्या माणसाचा उल्लेख अहवालात नाही. तसा रकानाच नव्हता.

ती तपासणी कोणती, सांगतो. आपल्या रक्तात कोलिनेस्टरेज नावाचे एक द्रव्य असते. नसा आणि स्नायू यांच्यातला निरोप वेळेवर थांबवण्याचे त्याचे काम. मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फरस जातीची औषधे ते द्रव्यच बांधून टाकतात. मग लाळ, घाम, मुरडा, स्नायू फडफडणे आणि शेवटी श्वास बंद. हे द्रव्य किती उरले ते रक्तातून मोजता येते. पण अडचण अशी की प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी. माती परीक्षण केल्याशिवाय खताचा हिशेब लागतो का? तसेच हे. हंगामाच्या आधी प्रत्येकाची मूळ पातळी मोजून ठेवली, तरच नंतर किती उतरली ते कळते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून हेच करतात. हंगामाआधी मोजतात. तांबड्या पेशींतली पातळी स्वतःच्या मूळच्या सत्तर टक्क्यांवर उतरली की त्या माणसाला फवारणीवरून काढतात, दुसरे काम देतात, आणि ती ऐंशीवर चढल्याशिवाय परत घेत नाहीत. माणूस पडण्याची वाट बघत नाहीत. आपल्याकडेही १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीची आणि या मोजणीची तरतूद आहे. इथे बसलेल्यांपैकी किती जणांचे रक्त तपासले गेले? हात वर करा.

एकही हात नाही. पन्नास वर्षांवर झाली या नियमाला.

मळणीयंत्राचा धडा

मग मास्क वाटायचे का? मास्क वाईट नाही. पण मास्क ही सर्वांत शेवटची पायरी आहे आणि आपल्याला पहिली म्हणून दाखवतात. ज्वारी-गव्हाच्या मळणीयंत्राचा दाखला घ्या. एके काळी यंत्रात पेंढ्या लावताना हात जायचे. लोक म्हणायचे, दारू पिऊन काम करतात, डुलकी घेतात. मग कळले की चूक पन्हळीची आहे. पन्हळ आखूड आणि उघडी असेल तर हात आत पोचणारच. १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, मळणीयंत्रे त्यात आणली. पन्हळ लांब करा, तिच्यावर झाकण बसवा. जिथे पन्हळ लांब आणि झाकलेली, तिथे डुलकी लागली तरी हात वाचतो. "हात जपा" अशी पाटी लावून जे होत नाही, ते दीड हात पत्र्याने होते.

धोका आवरायच्या पायऱ्या सगळीकडे ह्याच. पहिली, धोकाच काढून टाका. दुसरी, कमी धोक्याची वस्तू वापरा. तिसरी, यंत्रात आणि जागेत बदल करा. चौथी, कामाची वेळ आणि पद्धत बदला. पाचवी, अंगावर मास्क-मोजे घाला. भिवंडीत धोट्याला दांडीचा तडाखा बसतो तिथे आवाज जन्मतो. बिनधोट्याचे माग आले की तो तडाखाच जातो. ते परवडत नसतील तर झिजलेले भाग बदला, मागाच्या पायाखाली रबर घाला, पाळी बाराची आठ करा आणि मग कानात बोळे द्या. नुसते बोळे देऊन हात झटकणे म्हणजे पाटी लावणे.

आपल्या शेतात पहिली पायरी कोणती? नको असलेली फवारणी न करणे. इथेही मोजणीच कामाला येते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा शंभर हिरव्या बोंडांत दहा किडकी निघाली, तर गुलाबी बोंडअळीसाठी फवारा. नाहीतर नको. शेजाऱ्याने मारले म्हणून मारू नका. दुसरी पायरी, आधी निंबोळी अर्क, आणि डब्यावरचा त्रिकोण बघून औषध. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. तिसरी, गळका पंप शेतात न्यायचा नाही. विष नाकापेक्षा कातडीतून जास्त जाते, पाठीवर ओघळणारा पंप हा खरा मारेकरी. नोझल तोंडाने फुंकायचे नाही, त्यासाठी तार ठेवा. कपाशी छातीच्या वर गेली की समोर धरून फवारायचे नाही. चौथी, वारा पाठीशी, भर उन्हात नाही, एकाच माणसाने रोज नाही. बांधावर साबण, पाण्याची टाकी आणि बदलायचे कपडे. पाचवी, मग मास्क.

मालक आपणच

आता जरा कडू बोलतो. भिवंडीचा सेठ मजुरी मीटरवर देतो, म्हणून माणूस बारा तास मागासमोर उभा राहतो, हे आपल्याला दिसते. आपण फवारणीची मजुरी कशावर देतो? पंपावर. दिवसात जितके पंप तितके पैसे. मग तो मजूर वारा बघेल का? मधे हात धुवायला थांबेल का? कागदावर आपण कारखानदार नाही, पण त्याच्यापुरते मालक आपणच आहोत. ज्याला मजूर परवडत नाही त्याचा तर स्वतःचा पोरगाच पाठीवर पंप घेतो.

तुम्ही म्हणाल, साहेब, भावच मिळत नाही तर साबण-टाकी कुठून? बरोबर विचारता. म्हणून हा प्रश्न भावापासून वेगळा काढायचा नाही. आयोग कापसाचा उत्पादन खर्च काढतो. बियाणे धरतो, खत धरतो, बैल धरतो, घरच्या माणसांची मजुरी धरतो, जमिनीचा खंड धरतो. दवाखान्याचे बिल कुठल्या रकान्यात आहे? फवारणीनंतर बुडालेले आठ दिवस कुठे आहेत? स्वस्त कापूस, स्वस्त सूत आणि स्वस्त कापड यांतला काही भाग माणसाच्या कानातून, छातीतून आणि रक्तातून वसूल होतो. तो खर्च खरा आहे. तो मांडला नाही तर मागताही येणार नाही. आणि मांडायचा तर आधी मोजायला हवा.

पुढच्या हंगामापर्यंत

म्हणून चार कामे ठरवून जाऊ. पहिले, गावागावात फवारणीची वही. तारीख, कुणी फवारले, कोणते औषध, किती पंप, किती तास, नंतर काय त्रास. शाळकरी पोरही लिहील. ही वही पुढच्या मेळाव्यात घेऊन या. दुसरे, जूनच्या आधी फवारणी करणाऱ्यांची रक्ततपासणी करून मूळ पातळी नोंदवा, अशी लेखी मागणी प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयाकडे. पडल्यावर नव्हे, आधी. तिसरे, फवारणीची मजुरी पंपावर न देता दिवसावर, आणि साबण-पाणी मालकाचे. हे सरकारला विचारून करायचे नाही, उद्यापासून करायचे. चौथे, जिनिंगवर जाणाऱ्या बायांना सुट्टीनंतरच्या दिवसाचा प्रश्न विचारा, नावे-तारखा लिहा आणि धूळ ओढणारे पंखे मागा. आपणही सकाळी दव असताना वेचणी केली, तर पाने कमी कुस्करतात, कचरा कमी जातो. भावही बरा आणि तिची छातीही बरी.

कुणी अंगावर औषध घेऊन पडला तर आधी कपडे काढा, साबणाने धुवा, आणि दवाखान्यात जाताना डबा बरोबर न्या. औषधाचे नाव कळले तर डॉक्टरचा अर्धा तास वाचतो.

जाता जाता त्या बापाचे सांगतो. आम्ही परत आलो, त्याला सांगितले, थोरल्याच्या कानाची तपासणी करून घेतली, दोन्ही कानांत ऱ्हास आहे, गेलेले परत येणार नाही, पण काम बदलले तर उरलेले राहील. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आता परत ये म्हणतो त्याला." आणि मग स्वतःशीच, "पण इथं येऊन काय करील? पंपच घेईल ना पाठीवर. धाकटा आत्ता तेच करतोय."

आम्ही बघितले. धाकटा कपाशीत होता, कपाशी त्याच्या खांद्याला लागली होती आणि पाठीवरचा पंप ओघळत होता. थोरल्याला परत बोलवायचे असेल तर आधी तो पंप दुरुस्त झाला पाहिजे. तो पंप त्याच संध्याकाळी दुरुस्त करून घेतला. तुमच्या घरचा आज घरी गेल्यावर बघा.